भवतोषबाबूंचे तीन सेल

२० नोव्हेंबर १९७७, रविवार

भुंगा आज भर बाजारात बंद पडला. "फ्लॉवर नको, वांगी द्या" म्हणत होतो, 'वांगी'वर आवाज बसला आणि गेला. भाजीवाला माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग मोठ्यांदा ओरडून बोलायला लागला, जसा काही मी बहिरा आहे. सगळे असंच करतात. वांग्यांकडे बोट दाखवलं, घेतली, घरी आलो.

ऑपरेशनला जानेवारीत दोन वर्षं होतील. स्वरयंत्र काढलं, गळ्याला भोक राहिलं, श्वास तिथून. आवाज म्हणाल तर शेखरने (पुतण्या, जर्मनीत असतो) पाठवलेलं यंत्र. टॉर्चएवढी नळी. गळ्याला टेकवून बटण दाबलं की गुणगुणते, त्या गुणगुणण्याला आपण ओठांनी शब्दांचा आकार द्यायचा. सगळं एकाच सुरात. राग, लोभ, प्रश्न, सगळं सारखंच. मी त्याला भुंगा म्हणतो.

पूर्वी एकदा चार्ज केला की दिवस जायचा. मग अर्धा दिवस. गेल्या आठवड्यात वीस मिनिटं. आज चार.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

पॅक उघडला. आत सहा सेल, पेन्सिल सेलएवढे, राखाडी वेष्टनाचे, पत्र्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले. हे सेल पुन्हा पुन्हा भरता येतात, पण कायमचे नाही. प्रत्येकाला टॉर्चचा बल्ब लावून पाहिला. चार उजळले. दोन काळेच. त्यातल्या एकाच्या टोकाशी पांढरी भुकटी आलेली.

अठ्ठावीस वर्षं सरकारी कार्यशाळेत उपकरणं दुरुस्त केली. हे काही अवघड नाही. सेल मिळाले तर.

साधे सेल लावून पाहिले. यंत्र खाऊन टाकतं त्यांना. पेन्सिल सेल दहा मिनिटांत दमले. टॉर्चचे मोठे पाच लावले तर बरं चालतं, पण ते आत मावत नाहीत. खांद्याला पिशवी, पिशवीतून वायर, वायर हातातल्या नळीला. आरशात पाहिलं. नको.

२६ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिस सुटल्यावर एस्प्लनेडला उतरून मागच्या बाजारात रेडिओच्या सामानाची सगळी दुकानं पालथी घातली. खिशात कागद: 'हा सेल आहे का?' आणि नमुना. नऊ दुकानं. शेवटचा म्हातारा दुकानदार नमुना फिरवून फिरवून बघत होता. "ए जिनिश एखाने पाबेन ना, दादा." इथे नाही मिळायचं. फार हळू म्हणाला, ओरडला नाही. म्हणून त्याच्याकडून कथील घेतलं. लागणार होतंच.

शेखरला पत्र टाकलं. त्याला नवा पॅक घ्यायचा, पाठवायचा, कस्टममधून सुटायचा. मार्च उजाडेल.

नि.चं (बायको, पुण्यात शाळेत असते; मी इथे कलकत्त्यात) पत्र आलंय. नाताळच्या सुट्टीत येते आहे. २४ला पोचेल, २ जानेवारीला परत. शाळा तिच्याशिवाय दहा दिवस चालेल म्हणते. पत्राच्या शेवटी: 'मुदतीआधी निवृत्ती घेऊन पुण्याला यायचं म्हणता, त्याबद्दल समोरासमोरच बोलू.'

बोलू.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

एक खटपट केली. मेलेल्या सेलला मोठ्या बॅटरीचा क्षणभर झटका दिला तर कधीकधी जागा होतो. दिला. एक जागा झाला! बल्ब पेटला. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. रात्रभर चार्जिंगला ठेवला तर मध्येच वीज गेली, सकाळी पाहतो तर पुन्हा काळा.

उरलेल्या चारांवर भुंगा कसाबसा गुणगुणतो. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. सात-आठ मिनिटं. आता वाटप ठरवलंय. ऑफिसला पाच, बाजाराला दोन. संध्याकाळी बोलायला कोणी नसतं, ते बरं.

१ डिसेंबर, गुरुवार

इस्पितळात तपासणी. गळा ठीक. डॉक्टरांना पॅकचं लिहून दाखवलं. ते म्हणाले, असंच यंत्र असलेला दुसरा एक पेशंट आहे. बागबाजारला, भवतोषबाबू. भूगोलाचे मास्तर होते. त्यांचं यंत्र वर्षभर बंद आहे. "तुम्ही दोघं भेटत का नाही?"

पत्ता घेतला. कलकत्त्यात सात वर्षं झाली. ऑपरेशनच्या आधी महाराष्ट्र मंडळात जायचो, नाटकात लहानसहान कामंही केली. आता कोणाकडे जायचं म्हणजे त्यांना माझा आवाज सहन करायला लावायचं. पण तिथे तसं नसेल.

४ डिसेंबर, रविवार

बागबाजार. ट्रामने एस्प्लनेड, तिथून दुसरी ट्राम शेवटपर्यंत. गंगेकडे जाणाऱ्या गल्लीत जुनं घर, वरचा मजला. भवतोषबाबू माझ्यापेक्षा दहा-एक वर्षांनी मोठे. उंच, गळ्याला लोकरी मफलर, हातात शाळेतली पाटी! पाटी-पेन्सिलीवर बोलतात. बाईंना मी बौदी म्हणालो, म्हणजे वहिनी. त्यांना नवऱ्याचे ओठ वाचता येतात, त्या बोलून सांगतात.

मी पुण्याकडचा हे कळल्यावर भ.बां.नी पाटीवर इंग्रजीत लिहिलं: 'तुमच्या मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला याच वस्तीपासून खंदक खणला होता. तरी आलातच!' आणि हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मीही तसाच हसलो. दोन माणसं बिनआवाजाची हसताहेत आणि बौदी मध्ये उभ्या, कोणाकडे बघू कळेना त्यांना.

पाच मिनिटं भुंग्यावर बोललो. हिंदी, थोडी बांगला. ते डोळे मिटून ऐकत होते. मग लिहिलं: 'वर्षभरात विसरलो होतो हा सूर किती वाईट आहे.' ओळ पुसली. पुन्हा लिहिलं: 'मला हवा आहे.'

त्यांच्या मुलाने लंडनहून आणलेलं यंत्र. मुलगा आता तिकडेच. फारसं लिहीत नाही, हे बौदी म्हणाल्या.

त्यांचा पॅक घेऊन आलोय. दुरुस्त करून आणतो म्हटलंय. निघताना बौदी जिन्यापर्यंत आल्या. "ठाकुरपो, उनि राते घुमेर मोद्धे कोथा बोलेन." झोपेत बोलतात. ओठ हलतात. अंधारात मला वाचता येत नाहीत.

मला दीर म्हणाल्या. सात वर्षांत इथे मला कोणी नात्याने हाक मारली नव्हती.

६ डिसेंबर, मंगळवार

त्यांचा पॅक उघडला. सेल तेच, त्याच मापाचे, वेष्टन हिरवं. वर्षभर नुसता पडून होता, म्हणून एकेक हळूहळू भरायचा. सेलच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढ्याच विजेने, चौदा तास. त्यात भारनियमन. तास मोजून कागदावर लिहितो, वीज गेली की पेन्सिल खाली.

९ डिसेंबर, शुक्रवार

निकाल. हिरव्यांतले तीन चांगले, तीन मेलेले. राखाडीतले चार चांगले, दोन मेलेले.

म्हणजे एकूण सात. एका यंत्राला लागतात सहा.

टेबलावर सात एका रांगेत आणि पाच दुसऱ्या रांगेत उभे केले. बराच वेळ बसून होतो. चहा निवला.

त्यांना पूर्ण पॅक दिला तर माझ्याकडे एक सेल. नि. दोन आठवड्यांनी येणार. दहा दिवस आणि इतकं बोलायचं. दोन वर्षांत आम्ही धड बोललोच नाही. ट्रंक कॉलवर तिला माझं एक अक्षर कळत नाही. ती "हॅलो, हॅलो" म्हणते आणि मी ठेवून देतो.

त्यांना बौदी आहेत. ओठ वाचतात.

हे असं लिहिलं की पटतं.

१० डिसेंबर, शनिवार

जोडला. सेलला थेट उष्णता लागता कामा नये, आतून बिघडतो. म्हणून जुन्या पट्ट्या तशाच ठेवून पट्टीला पट्टी जोडली. झटपट. जोडावर फुंकर मारायची जुनी सवय. तोंड पुढे केलं, फुंकर कुठली! वासही येत नाही. राळेचा धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा कळलं.

चार राखाडी, दोन हिरवे. उत्तम चालतो. नवा होता तसा.

मग तिसराही हिरवा घेतला आणि एक राखाडी काढला. राखाड्यांतला तो जरा मंद पेटत होता. हात चालू होते तेव्हा चालूच राहिले.

त्यांच्या पॅकमध्ये परत सहा भरायला हवेत. मेलेले पाचच होते. सहावा म्हणून तो मंद राखाडी घातला. वर जाड कागद गुंडाळला, चिकटपट्टी लावली.

११ डिसेंबर, रविवार

बागबाजार. सांगितलं, "सगळे सेल गेले. काही करता आलं नाही."

भुंग्यातून खोटं बोलणं फार सोपं आहे. आवाज कापत नाही. अडखळत नाही. खरं बोलताना जसा, तसाच.

भ.बां.नी पॅक हातात घेतला, बाजूला ठेवला. पाटीवर: 'तुम्ही त्रास घेतलात. आभारी आहे.' बौदींनी नव्या गुळाचे संदेश दिले, बांधूनही दिले. "खाली हाते जाबेन ना." रिकाम्या हाती जायचं नाही.

निघताना जिन्यावर मला घाई होती. का होती कोण जाणे. घरी कोण वाट बघतंय?

संदेश खाल्ले नाहीत. शेजाऱ्यांकडे दिले.

२४ डिसेंबर, शनिवार

नि. आली. हावड्याला गाडी दोन तास उशिरा. दोन वर्षांत केस बरेच पांढरे झालेत. मी भुंगा टेकवून म्हणालो, "प्रवास कसा झाला?" आजूबाजूचे हमाल वळून बघायला लागले. ती दचकली. लगेच सावरली. "बरा झाला. तुम्ही वाळलात हो."

टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती. पूल, नदी, घाटावर आंघोळ करणारे लोक. मी एकेक दाखवत बोलत होतो. दोन तास बोललो असेन. पॅकला काही झालं नाही.

२६ डिसेंबर, सोमवार

सकाळी भाजणीचं थालीपीठ. पीठ तिने आणलंय. वास येत नाही हे मी विसरतो. तिने विचारलं, "खमंग झालंय ना?" हो म्हटलं.

निवृत्तीचा विषय मीच काढला. महिनाभर जे ठरवलं होतं ते सगळं ओळीने बोललो. पेन्शन, पुण्याचं घर, दोघांनी सकाळी फिरायला जाणं. ती भांडं पुसत होती. तेच भांडं.

मग म्हणाली, "एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"तुमचा आवाज मला पाठ होता. आठवायचा. शाळेतून आले की कानात असायचा. हा ऐकला की तो जातो. आता दोन दिवस झाले, आठवतच नाहीये." डोळे पुसले नाहीत तिने, भांडंच पुसत राहिली. "लिहून सांगाल का? अक्षर तरी तुमचं आहे."

भुंगा टेबलावर ठेवला. वही घेतली.

२८ डिसेंबर, बुधवार

वहीत लिहितो. ती वाचते, उत्तर देते. पाच पानं झाली. काल चिडलो तर जोरात लिहिलं, पेन्सिलीचं टोक मोडलं. ती हसली. मग मीही.

पण पुण्याचं काही बोलत नाही ती. आपल्या शाळेचं सांगते. सकाळी कशी उठते, चहा घेऊन गॅलरीत कशी बसते. तिच्या बोलण्यात दिवस असा भरलेला आहे, मी कुठे बसायचं ते शोधत होतो. गॅलरीत दुसरी खुर्ची आहे का विचारलं नाही.

पॅक पूर्ण भरलेला. टेबलावर.

१ जानेवारी १९७८, रविवार

नि.ला बागबाजारला जायचं होतं. पत्रांतून मी त्या दोघांबद्दल लिहिलं होतं ना. "तुमचे इथले एवढेच तर लोक आहेत." टाळता आलं नाही.

तिथे वहीने चालेना, हिंदी लिहिण्यात वेळ जातो. भुंगा काढला. आणि मग जे बोलत सुटलो! बौदींना पुण्याचं, वाईच्या घाटांचं, मंडळातल्या नाटकात मिशी कशी पडली त्याचं. बौदी पदर तोंडाला लावून हसत होत्या. तासभर. भ.बा. समोर बसून ऐकत होते. पाटी मांडीवर. मध्ये एकदा यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. लिहिलं: 'फार छान चालतंय.'

मी म्हणालो, "हो. थोडी दुरुस्ती केली."

त्यांनी मान हलवली. नि.ला स्वतःच्या हाताने चहाचा कप दिला.

परतीच्या ट्राममध्ये नि. म्हणाली, "त्यांच्याशी किती बोललात! माझ्याशी इतक्या दिवसांत एवढं बोलला नाहीत."

तूच लिही म्हणालीस, असं म्हणणार होतो. त्याऐवजी वहीत सगळं लिहिलं. सात सेल, तीन हिरवे, काय सांगितलं, काय केलं. ट्राम हलत होती, अक्षर वेडंवाकडं. तिने दोनदा वाचलं.

"माझ्यासाठी केलंत?"

मान हलवली.

"मग मला का सांगताय? मी मागितलं होतं का?" धर्मतल्याला उतरताना म्हणाली, "त्या बाईंनी मला सिंदूर लावला हो, आपल्याकडे ओटी भरतात तसा."

२ जानेवारी, सोमवार

स्टेशन. गाडी हलताना ती खिडकीतून काही बोलली, गोंगाटात ऐकू आलं नाही. ओठ वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही मला.

घरी आलो. थालीपिठाचं पीठ डब्यात उरलंय. डब्यावर तिने चिठ्ठी चिकटवली आहे: 'महिन्यात संपवा.'

५ जानेवारी, गुरुवार

पॅक सोडवला नाही. आहे तसा पूर्ण त्यांना द्यायचा. नवीन चिकटपट्टी, जोड पुन्हा तपासले, पूर्ण भरला. पत्र इंग्रजीत लिहिलं. तीन मसुदे फाडले. पहिल्यात माझ्या एकटेपणाबद्दल एक परिच्छेद होता. दुसऱ्यात दोन ओळी. तिसऱ्यात एक. चौथ्यात काढून टाकलं.

८ जानेवारी, रविवार

गेलो. भुंगा घरीच, त्यात आता काही नाही.

भ.बां.च्या हातात पत्र दिलं आणि उभा राहिलो. बौदी 'बोशुन, बोशुन' म्हणत होत्या. बसलो नाही. त्यांनी पत्र अर्धंच वाचलं. घडी करून ठेवलं. उठून आत गेले, एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात मी परत दिलेला पॅक, उघडलेला. सहा सेल कापसावर ठेवलेले. तीन हिरवे, तीन राखाडी.

पाटी घेतली. 'गल्लीतल्या रेडिओवाल्याने उघडला. त्याच दिवशी. माझे हिरवे तीनच.' पुसलं. 'तीस वर्षं पोरं मोजली आहेत. सहापर्यंत मोजता येतं.' पुसलं.

मी वहीत लिहिलं, मग गेल्या रविवारी काही बोलला का नाहीत?

'तुमची पत्नी माझ्या घरात पाहुणी होती.'

हे पुसलं नाही. पाटी माझ्यापुढे तशीच टेबलावर ठेवली आणि आतल्या खोलीत गेले.

बौदींना अर्धंमुर्धं कळलं असावं. माझ्या हातून पॅक घेतला, आत गेल्या. मी जिन्याकडे वळलो. दोन पायऱ्या उतरलो असेन तर भिंतीपलीकडून गुणगुण आली. तोच सूर. आम्हा दोघांचा सूर एकच. म्हणाले, "जानलाटा बोंधो कोरो." खिडकी बंद कर. वर्षभराने तोंडून निघालेलं पहिलं वाक्य. बौदींचा आवाज आला, रडताहेत की हसताहेत कळलं नाही. त्यांनी तेच पुन्हा म्हणायला लावलं असावं. पुन्हा आलं, जानलाटा.

मी जिन्यावर उभा राहून ऐकलं. मला ऐकायचा काही हक्क नव्हता. मग खाली आलो.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. मंडळातून कोणीतरी तिळगुळाची पुडी दारात ठेवून गेलं. बेल वाजवली नाही. मी उघडून बोलणार कसा, म्हणून असेल. की मीच दोन वर्षं कोणाच्या बेलला नीट ओ दिली नाही म्हणून.

टॉर्चचे पाच सेल, लाकडी खोका, खांद्याची पिशवी, वायर. केलं शेवटी. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा सरकार आडनावाचा सहकारी म्हणाला, "दादा, आता लाउडस्पीकर लावा." सगळे हसले. वाईट बुद्धीने नाही. अर्ध्या तासाने आवाज बसतो. पुरतो.

हे पहिल्या दिवशी जमत होतं. आरशात बरं दिसलं नाही म्हणून केलं नाही.

२७ जानेवारी, शुक्रवार

दोन रविवार गेले. ट्रामने एस्प्लनेडपर्यंत जातो, बागबाजारची ट्राम येते, जाते. मैदानात बसून परत येतो. थंडी आहे. संध्याकाळी चुलींचा धूर खाली बसतो, गळ्यावर मलमल ओली करून धरावी लागते.

शेखरचं पत्र: पॅक पाठवला. उत्तर म्हणून लिहिलं, एक आणखी पाठव.

९ फेब्रुवारी, गुरुवार

नि.चं पत्र. लहानसं.

'मे महिन्यात शाळा बंद असते. तेव्हा या. राहून बघू. अर्ज त्यानंतरच द्या. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना काय ते खरं सांगितलंत ना?'

हो, सांगितलं. 'राहून बघू' हे दोन शब्द पाच-सहा वेळा वाचले. नवी जागा भाड्याने घेताना आम्ही असंच म्हणायचो.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

पोस्टकार्ड. इंग्रजीत. ठळक, मास्तरी अक्षर. 'पॅक बंद पडला आहे. रविवार.' सही नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

हत्यारं, मीटर, कथील, वही. खोका मुद्दाम नेला नाही.

दार त्यांनीच उघडलं. बाजूला झाले. टेबलावर वर्तमानपत्र पसरून पॅक मध्ये ठेवला होता. उघडला. सेल सहाही चांगले. एक पट्टी सुटली होती. मीच जोडलेली. राखाडी आणि हिरव्याच्या मधली.

वीज नव्हती. बौदींनी चूल पेटवली, तिच्यावर हत्यार तापवलं. डाग दिला. हाताने वारा घातला. भ.बा. उभे राहून माझे हात बघत होते. परीक्षेत मास्तर उभे राहतात तसे.

यंत्रात घातला. बटण. गुणगुण.

"बोशुन," म्हणाले. बसलो.

पुढे सगळं हिंदीत. सपाट सुरात. रागात आहेत की नाही, ते त्या सुरातून कसं कळणार? "आप पूना कब जा रहे हैं?"

वहीत लिहिलं, मे. बहुधा.

"शायद क्यों?"

मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो.

त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाले, "जब तक यहाँ हैं, रविवार को आइए. मैं बोलूँगा. आप लिखेंगे." हसले नाहीत. मी तेवढ्यावरच मान हलवली.

आणि बोलायला लागले. तीस वर्षं पोरांना दख्खन शिकवली, स्वतः हुगळीपलीकडे फारसे गेले नाहीत. भीमेचा उगम होतो तिथे जंगल आहे की उघडा डोंगर? काळी माती उन्हाळ्यात खरंच इतकी भेगाळते की पाय जावा? वाईला कृष्णा किती रुंद आहे, पोहून जाता येतं का? मी लिहीत गेलो. उन्हाळ्यात कृष्णा आम्ही पोरं चालत ओलांडायचो, हे वाचून त्यांनी चष्मा काढला. "चालत?" "चालत," मी पुन्हा लिहिलं. "घुटना?" मी घोट्याच्या वर हात लावून दाखवला.

चार पानं झाली. बौदींनी चहा आणला. त्या आता जरा दूर बसतात माझ्यापासून. ठाकुरपो म्हणाल्या नाहीत आज.

निघताना भ.बां.नी जिन्याशी यंत्र गळ्याला लावलं, काही म्हणणार होते. मग काढलं, मान हलवली. आत गेले.

२० फेब्रुवारी, सोमवार

नि.ला उत्तर लिहायला बसलो. 'मे मध्ये येतो' एवढं लिहिलं. पुढे विचारणार होतो, 'राहून बघू' म्हणजे कोणी कोणाला बघायचं? ते लिहिलं नाही. त्याऐवजी गॅलरीत दुसरी खुर्ची आहे का, हे लिहिलं. तेही खोडलं. खोडलेलं दिसतंय. नवा कागद घ्यावा की हाच पाठवावा, ठरत नाही.

पुढच्या रविवारी नर्मदेचं विचारणार आहेत. मला नर्मदेची फारशी माहिती नाही. एकदाच ओलांडली आहे, रेल्वेने, झोपेत. उद्या ऑफिसच्या ग्रंथालयात मोठा नकाशा काढून बघायचा.